भिंतीवरून उतरलेला तक्ता

आमच्या गल्लीत नोव्हेंबर लागला की माझ्या दारात चपला वाढतात. हयातीचा दाखला देण्याचा महिना. मी सातारा जिल्ह्यात ट्रेझरीत, म्हणजे कोषागारात, चौतीस वर्षं काढली. ३१ मे २०१९ रोजी निवृत्त झाले. शाळेत मास्तरांनी लावलेली १ जून ही जन्मतारीख माझ्याही नशिबी होती, त्यामुळे त्या दिवशी निम्मं तालुक्याचं ठिकाण माझ्यासोबत निवृत्त झालं. तरी लोकांच्या लेखी मी अजून ‘ट्रेझरीतल्या बाई’च आहे. ज्यांच्या अंगठ्याचे ठसे झिजलेत, ज्यांना मोबाइलवरचं ‘जीवन प्रमाण’ जमत नाही, ते माझ्या ओसरीवर येतात. मी त्यांचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरते, पापण्या मिचकावायला सांगते आणि ते जिवंत असल्याचं सरकारला कळवते.

गेल्या नोव्हेंबरात एकाच सकाळी दोघे आले. एक आमच्या शेजारचे अण्णा. एका महामंडळाच्या बसवर तीस वर्षं चालक होते. त्यांची पेन्शन महिना २,८४० रुपये. दुसरे एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, सगळे त्यांना साहेब म्हणतात. मूळ पेन्शन ७२,००० आणि त्यावर महागाई भत्ता, म्हणजे हातात लाखाच्या वर. साहेबांनी तो आकडा लपवला नाही, फुशारकीही मारली नाही. विषय निघाला म्हणून सांगितला. ते गेल्यावर अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “बाई, एवढ्या पेन्शनीला वरून काही झाकण नसतं का हो?”

झाकण! तीन दशकं मी ‘कमाल मर्यादा’ लिहीत आले, पण इतका नेमका शब्द मला कधी सुचला नाही. अण्णांना मी तेव्हा जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं. पुरतं उत्तर इथे देते.

झाकण आहे, पण कुणावर?

सरकारी पेन्शनचं मूळ गणित सोपं आहे. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम ही मूळ पेन्शन. तिच्यावर महागाई भत्ता, आमच्या भाषेत डीए. पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेता येतो. त्याला नियमात ‘अंशराशीकरण’ म्हणतात, लोक ‘पेन्शन विकली’ म्हणतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो.

सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून सर्वांत कमी मूळ वेतन १८,००० रुपये आणि सचिवाचं २,२५,००० रुपये केलं. कॅबिनेट सचिवाचं २,५०,०००. म्हणजे केंद्रात कमीत कमी पेन्शन ९,००० आणि जास्तीत जास्त १,२५,०००. महाराष्ट्रात कमीत कमी मूळ पेन्शन ७,५०० आहे. तेव्हा वरची मर्यादा कागदावर आहेच. पण ती सर्वांत वरच्या पगारालाच बांधलेली. भांड्याच्या तोंडाएवढं झाकण, आत कितीही शिजू दे.

आता अण्णांची पेन्शन पाहा. ती ‘ईपीएस ९५’, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली. त्यांचा पगार कितीही असला तरी पेन्शन काढताना १५,००० रुपयांच्या वरचा पगार बघायचाच नाही, असा नियम आहे. २०१४ च्या सप्टेंबरपर्यंत तर ही मर्यादा ६,५०० होती. पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर, हे तिथलं सूत्र. पस्तीस वर्षं राबला तरी १५,००० च्या हिशोबाने ७,५०० च्या आसपास हातात. अण्णांच्या नोकरीची बरीच वर्षं जुन्या मर्यादेखाली गेली, म्हणून २,८४०. तिथे डीए नाही. महागाई वाढते, अण्णांची पेन्शन जागच्या जागी.

तेव्हा अण्णांना खरं उत्तर असं होतं: झाकण असतं. ते तुमच्यावर आहे.

मागणी आजची नाही

वरचे पगार-पेन्शन कापा आणि पैसा वाचवा, हे ऐकलं की आमच्या पेन्शनरांच्या संघटनेतले लोक चिडतात. कुणा बाहेरच्या अर्थतज्ज्ञाचं खूळ आहे म्हणतात. पण हे बोलणं आपल्याच मातीतलं आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात सरकारी कामगारांच्या वाजवीबाहेरच्या पगार-पेन्शनींचा आणि त्यापायी शेतकऱ्याच्या मानेवर बसणाऱ्या करांचा जाब विचारला. दादाभाई नौरोजींच्या संपत्तिहरणाच्या मांडणीत इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार आणि विलायतेत चुकत्या होणाऱ्या त्यांच्या पेन्शनी हा मोठा हिस्सा होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली तीही सरकारच्या याच खर्चाबद्दल.

मार्च १९३० मध्ये, दांडीला निघण्याआधी, गांधीजींनी व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रात त्याचाच पगार मांडला: महिना २१,००० रुपये, दिवसाला सातशेच्या वर, आणि हिंदी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी. पुढच्याच वर्षी कराची काँग्रेसने ठराव केला की सरकारी नोकराला सर्वसाधारणपणे महिना ५०० रुपयांहून जास्त पगार असू नये. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली तेव्हा मंत्र्यांनी ५०० रुपयेच घेतले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पहिल्या वेतन आयोगाने तळाला ५५ रुपये आणि वर २,००० धरले, म्हणजे साधारण छत्तीस पट. चौथ्या आयोगापर्यंत, म्हणजे १९८६ ला, ७५० आणि ८,००० असे आकडे होते. पावणेअकरा पट. सातव्यात साडेबारा पट. चाळीस वर्षांत अंतर तिसऱ्या हिश्शाहूनही कमी झालं आणि मग पुन्हा किंचित वाढलं. कुणी एका रात्रीत झाकण ठेवलं नव्हतं. तळाचा पगार वरच्यापेक्षा भराभर वाढवत नेला, एवढंच.

किती वाचतं?

आमच्या खात्यात विशेषणं पास होत नाहीत, आकडे पास होतात. म्हणून हिशोबाला बसू.

महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये धरली आहे आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. तूट ४५,८९१ कोटींची. पगार, पेन्शन आणि कर्जाचं व्याज या तिन्हींतच जमेतला निम्म्याहून अधिक रुपया जातो. अशा वेळी वरच्या माणसाकडे बोट जाणारच.

समजा, पेन्शनला महिना एक लाखाचं सरसकट झाकण लावलं. सचिवपदावरून गेलेल्याची मूळ पेन्शन १,१२,५००. डीए ५८ टक्के धरू, केंद्राने जुलै २०२५ पासून तो दर लावला. म्हणजे ६५,२५० रुपये डीए, एकूण १,७७,७५०. लाखावर कापलं तर महिना ७७,७५० वाचले, वर्षाला ९,३३,०००. ऐकायला छान. पण हा माणूस आयकर भरतो. नव्या करपद्धतीत त्याचा वर्षाचा कर सव्वादोन लाखांच्या आसपास जातो. पेन्शन बारा लाखांवर आणली की तो शून्य होतो. म्हणजे वाचलेल्या प्रत्येक चार रुपयांतला साधारण एक सरकार आधीच परत घेत होतं.

आणि अशी माणसं किती? ट्रेझरीच्या कपाटातून डोळे मिटून शंभर पीपीओ, म्हणजे पेन्शनचे आदेश, काढा. पोलिस हवालदार, तलाठी, परिचारिका, अनुदानित शाळांचे शिक्षक, पाटबंधाऱ्याचे मोजणीदार, वनरक्षक, शिपाई आणि यांच्या विधवा. सचिव हाताला लागायचा नाही. समजा एक हजार पेन्शनर आहेत. त्यातल्या दहांचे महिना वीस-वीस हजार कापले, तर दोन लाख वाचले. उरलेल्या ९९० जणांची सरासरी मूळ पेन्शन वीस हजार धरा आणि डीए फक्त तीन टक्क्यांनी वाढवा. खर्च ५,९४,०००. दहा साहेबांचं जे कापलं त्याच्या जवळजवळ तिप्पट, एकाच हप्त्यात गेलं. आणि डीएचे हप्ते वर्षाला दोन असतात.

पंजाबने २०२२ साली ‘एक आमदार, एक पेन्शन’ असा कायदा केला. तोवर जितक्या वेळा निवडून आला तितक्यांदा पेन्शन वाढत जायची आणि काही माजी आमदारांची काही लाखांवर गेली होती. या कायद्याने वर्षाला सुमारे १९ कोटी वाचतील असं तेव्हा सांगण्यात आलं. पंजाबचा त्या वर्षीचा अर्थसंकल्प दीड लाख कोटींच्या पुढचा. म्हणजे शंभर रुपयांत सव्वा पैसा.

म्हणून कुणी व्यासपीठावरून म्हणालं की वरच्यांचे पगार कापले की राज्याची तिजोरी सावरेल, तर त्याला नम्रपणे सांगा: बिल परत, ऑब्जेक्शनसह.

मग करायचंच कशाला?

पंजाबचा सव्वा पैसा मला तरीही महत्त्वाचा वाटतो. ३१ मार्च २०२० ची गोष्ट सांगते. टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. मी घरी होते, पण ट्रेझरीतल्या माझ्या जुन्या सहकारिणीचा फोन आला. मार्च एंडच्या धांदलीत बातमी येऊन थडकली होती: मार्चच्या पगारात लोकप्रतिनिधींची ६० टक्के, ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाची ५० टक्के, ‘क’ वर्गाची २५ टक्के कपात. ‘ड’ वर्गाला, म्हणजे शिपाई-सफाई कामगारांना, हात लावायचा नाही. नंतर खुलासा झाला की ही कपात नाही, पगार दोन टप्प्यांत मिळेल, आणि तसाच तो मिळाला. पण मला आठवतं ते माझ्या सहकारिणीचं बोलणं. ती ‘ब’ वर्गातली, तिचा निम्मा पगार अडकला होता. ती म्हणाली, “अगं, पण शिपायाचा पूर्ण होतोय ना, मग कुणी काही बोलत नाही इथे.”

त्याच वर्षी केंद्राने वेगळी वाट धरली. खासदारांच्या पगारात वर्षभर ३० टक्के कपात केली ती चांगलीच. पण डीएचे तीन हप्ते गोठवले, जानेवारी २०२० पासून दीड वर्षाचे, आणि ते सगळ्यांचे सारखे. सचिवाचाही १७ टक्क्यांवर थांबला आणि नऊ हजार पेन्शन घेणाऱ्या विधवेचाही. चौतीस हजार कोटींहून अधिक रक्कम त्यातून वाचली. हिशोबाच्या दृष्टीने पाहिलं तर बचत इथे होती, कारण माणसं इथे होती. आणि कुरकुरही इथेच उठली.

वरच्यांचा त्याग तिजोरी भरत नाही, पण खालच्यांकडे काही मागायचा अधिकार त्यातून येतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आपल्या विधिमंडळाने आमदारांचे पगार आणि माजी आमदारांची पेन्शन वाढवली. विधेयक चर्चेविना मंजूर झालं, पेन्शन चाळीसची पन्नास हजार झाली. शेतकरी तेव्हा दुष्काळातून जेमतेम बाहेर येत होता. रक्कम राज्याच्या मानाने किरकोळ. पण आज निराधार योजनेतल्या म्हातारीला महिना दीड हजार मिळतात, तेव्हा ती किरकोळ रक्कम फार मोठी दिसते.

दिलेला शब्द

इथे आमच्या बाजूचं ऐकून घ्या. पेन्शन ही मेहेरबानी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सांगितलं. आधी केलेल्या कामाचा तो मागाहून मिळणारा मोबदला आहे. म्हणून तो दिवस आम्ही पेन्शनर दिन म्हणून पाळतो. मी १९८५ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले तेव्हा बँकेतल्या मैत्रिणी माझ्याहून जास्त कमवत. वडील म्हणाले होते, “पगार कमी असला तरी पेन्शन आहे, घे.” मी घेतली. त्या शब्दावर चौतीस वर्षं काढली.

सरकारने दिलेला शब्द फिरवल्याची उदाहरणंही आपल्याकडे आहेत. संस्थानं विलीन होताना राजांना तनखे कबूल केले, ते १९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने बंद झाले. आयसीएस अधिकाऱ्यांच्या जुन्या सेवाशर्तींना घटनेतच संरक्षण दिलं होतं, ते पुढच्याच वर्षी २८ व्या दुरुस्तीने गेलं. राजा आणि आयसीएस यांच्यासाठी कुणी रस्त्यावर आलं नाही. पण शब्द मोडायची सवय एकदा लागली की ती वरून खाली उतरते. आमच्या घरातच ती उतरलेली आहे.

माझा भाचा २००८ साली शिक्षणसेवक म्हणून लागला. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्याच्या पगारातून दहा टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालतं, तो पैसा बाजारात गुंतवला जातो आणि निवृत्तीनंतर जे होईल ते त्याचं. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत लाखो कर्मचारी संपावर गेले, तेव्हा तो आठवडाभर मैदानात बसला होता. मागच्या दिवाळीत मी या लेखाचा विषय काढला तर म्हणाला, “आत्या, तुमच्या पेन्शनला झाकण लावायचं की नाही यावर तुम्ही बोला. आमचं भांडंच गेलंय.”

आता केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजना आणली आहे. पंचवीस वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, दहा वर्षांनंतर किमान दहा हजार. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने निर्णय घेतला आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राने तो स्वीकारला. भांडं परत आलं म्हणायचं, पण त्यात दहा टक्के दाणे भाच्याला स्वतःचे घालायचे आहेत.

साहेबांचं म्हणणं

साहेबांना मी सरळ विचारलं, तुमच्या पेन्शनवर मर्यादा आली तर? ते रागावले नाहीत. म्हणाले, “माझ्याबरोबर शिकलेला सर्जन पुण्यात एका महिन्यात कमावतो ते मी वर्षात कमावलं नाही. मी सरकारी दवाखान्यात राहिलो, कारण म्हातारपणी हात पसरावे लागणार नाहीत हे ठाऊक होतं. उद्या झाकण लावा. तरुण डॉक्टर आजच तालुक्याला यायला तयार नाही, उद्या जिल्ह्यालाही येणार नाही.”

हे खोटं नाही. सातव्या आयोगाने अहमदाबादच्या आयआयएमकडून तुलना करून घेतली होती. सरकारातल्या तळाच्या मदतनिसाला सगळं मिळून २२,५७९ रुपये मिळत, खासगीत त्याच कामाला आठ ते साडेनऊ हजार. म्हणजे तळाला सरकार बाजाराच्या दुपटीहून जास्त देतं. शिखरावर उलट आहे. साहेबांचा वर्गमित्र हाच त्याचा दाखला. बाजारभावाने जायचं ठरवलं तर शिपायाचा पगार कापावा लागेल आणि डॉक्टरचा वाढवावा लागेल. मला ते मान्य नाही. खासगीतला आठ हजारांचा भाव हा भाव नव्हे, ती लाज आहे. पण वरच्याला कापताना तो उठून जाऊ शकतो आणि खालच्याला कापताना तो कुठे जाऊ शकत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. म्हणून कपात नेहमी खालून सुरू होते. ‘ड’ वर्गाची पदं रिकामी ठेवायची, झाडलोट आणि शिपाईकाम ठेकेदाराला द्यायचं. वाचलेला हा पैसा कुठल्या अर्थसंकल्पीय भाषणात येत नाही, पण खरी बचत गेली वीस वर्षं तिथेच चालली आहे.

भिंतीवरचा तक्ता

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते सांगते.

मी नोकरीला लागले तेव्हा ट्रेझरीत कॉम्प्युटर नव्हता. बिलं हाताने तपासायची, कार्बनने हात काळे. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर डीएचा तक्ता चिकटवलेला असे. चौथ्या वेतन आयोगानंतर त्या तक्त्यात तीन पायऱ्या होत्या. मूळ वेतन ३,५०० पर्यंत असेल तर महागाईची शंभर टक्के भरपाई. ३,५०१ ते ६,००० पर्यंत ७५ टक्के. त्याच्या वर ६५ टक्के. पेन्शनरांना याच पायऱ्या, आकडे निम्मे: १,७५० आणि ३,०००. पायरी ओलांडल्यामुळे कुणाला खालच्यापेक्षा कमी मिळू नये म्हणून थोडी जुळवाजुळव असे. त्याला आम्ही ‘मार्जिनल’ म्हणायचो आणि त्यावरून नव्या लिपिकाची बिलं हमखास चुकायची.

या पायऱ्यांमागचा विचार साधा होता. डीए हे बक्षीस नाही, महागाईची भरपाई आहे. तूरडाळ महागली तर ती शिपायाला जितकी महागली तितकीच सचिवाला. शिपायाचं सगळं उत्पन्न डाळ-तांदूळ-भाड्यात जातं, म्हणून त्याला पुरी भरपाई. सचिवाच्या उत्पन्नातला बराच भाग शिलकीत पडतो, म्हणून त्याला थोडी कमी.

पाचव्या आयोगाने हा तक्ता उतरवला. १९९६ पासून सगळ्यांना शंभर टक्के. त्याचं कारणही त्यांच्या दृष्टीने वाजवी होतं: दर वर्षी भरपाई अपुरी पडत गेली की वरच्या पगाराची खरी किंमत घटत जाते. पण त्यातून आज काय होतं ते बघा. डीए ज्या निर्देशांकावर ठरतो तो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक आहे, म्हणजे गिरणी-कारखान्यातल्या कुटुंबाच्या पिशवीचा हिशोब. त्या पिशवीतली टक्केवारी आपण सचिवाच्या पूर्ण पेन्शनला लावतो. ९,००० पेन्शनवर ५८ टक्के म्हणजे ५,२२० रुपये. १,१२,५०० वर ५८ टक्के म्हणजे ६५,२५०. बाजार एकच, डाळ एकच, आणि दोन भरपायांमध्ये साठ हजारांचा फरक.

जुना तक्ता आजच्या आकड्यांत उतरवून पाहिला. चौथ्या आयोगात कमीत कमी पेन्शन ३७५ होती. पहिली पायरी तिच्या पावणेपाच पटीच्या आसपास, दुसरी आठ पट. महाराष्ट्राची आजची किमान पेन्शन ७,५०० घेतली तर पायऱ्या येतात साधारण ३५,००० आणि ६०,००० वर. साहेबांची मूळ पेन्शन ७२,०००, त्यावर ५८ टक्के डीए ४१,७६०. तक्त्याप्रमाणे त्याचे ६५ टक्के, म्हणजे २७,१४४. त्यांचे महिना १४,६१६ कमी होतील. हातात तरीही नव्याण्णव हजारांच्या वर राहतील. सचिवाचे बावीस हजार आठशेच्या आसपास कमी होतील. हवालदाराच्या विधवेचा एक पैसाही नाही.

यात दिलेला शब्द मोडत नाही. मूळ पेन्शनला हात लागत नाही, निम्मं वेतन म्हणून जे कबूल केलं ते शेवटपर्यंत मिळतं. एकदम कुऱ्हाड चालत नाही. पुढच्या हप्त्यांपासून लावलं तर कुणाची आजची पासबुकातली रक्कमही घटणार नाही, फक्त वाढ मंदावेल. आणि हे मी कल्पनेतून सांगत नाही. १९८६ ते १९९५ अशी दहा वर्षं हा नियम या देशात चालला, माझ्या हाताने त्यावर बिलं पास झाली. त्या काळात सचिवपदं रिकामी राहिली नाहीत.

त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट हवी: एका माणसाला एक पेन्शन. आमदारकीची वेगळी, खासदारकीची वेगळी, आणि आधी सरकारी नोकरीत असेल तर तिचीही वेगळी, हे अण्णांना समजावून सांगणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. निवृत्त कर्मचाऱ्याला पुन्हा नेमताना आम्ही शेवटच्या वेतनातून पेन्शन वजा करतो. हा नियम कारकुनाला चालतो, तर तो सभागृहालाही चालावा.

यातून तिजोरी भरेल असं मी म्हणणार नाही. वरचा हिशोब मीच मांडला आहे. थोडं वाचेल. पण अण्णांच्या योजनेतली १५,००० ची मर्यादा वाढवा, भाच्याच्या पेन्शनची हमी पक्की करा, असं मागताना आमच्या संघटनेला मान खाली घालावी लागणार नाही.

आठवा वेतन आयोग कामाला लागला आहे. न्यायमूर्ती रंजना देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत. संघटनांची निवेदनं तिकडे जात आहेत आणि बहुतेकांत मागणी एकच, आणखी वाढवा. मीही एक निवेदन लिहिलं आहे, दीड पानाचं, सोबत जुना तक्ता जोडून.

ते लिहिण्याआधी माझं स्वतःचं बिल तपासलं. शेवटचं मूळ वेतन ७५,५००, पेन्शन ३७,७५०. पहिल्या पायरीच्या जरा वर. ५८ टक्क्यांनी डीए २१,८९५. तक्त्याप्रमाणे, मार्जिनल धरून, २०,३००. माझे महिना १,५९५ रुपये कमी होतील.

हिशोब दोनदा केला. बरोबर आहे. पास.